सरकारने मास्क ऐच्छिक केला, शाळा म्हणते सक्तीच. पालक म्हणून तुम्ही काय करताय?

कोथरूडकरीण | ६ एप्रिल २०२२, रात्री १०:४०

नमस्कार. एरवी मी इथे फक्त वाचते, पण दोन दिवस झोप नीट लागलेली नाही म्हणून धागा काढतेय.

मुलगी दुसरीत आहे. पहिली पूर्ण मोबाईलवर झाली. डिसेंबरच्या मध्यात शाळेत जायला लागली, जानेवारीत ओमायक्रॉनमुळे शाळा परत बंद, फेब्रुवारीत परत सुरू. म्हणजे बाईंना आणि वर्गातल्या मुलांना ती जेमतेम तीन महिने ओळखते, आणि तेही डोळ्यांवरून. मागच्या आठवड्यात वर्गाचा फोटो काढताना पाच मिनिटं मास्क उतरवले तेव्हा शेजारची मुलगी तिला म्हणाली, "तू अशी आहेस होय? मला वाटलं तुझं नाक मोठं असेल." घरी येऊन हे सांगताना ती हसत होती. मला मात्र पोटात कालवलं.

पाडव्यापासून, म्हणजे २ एप्रिलपासून राज्यात मास्क ऐच्छिक झाला. सोमवारी मी तिच्या दप्तरात मास्क ठेवला आणि म्हटलं, बाई सांगतील तसं कर. फाटकावर तिला आणि आणखी दोघांना थांबवलं. मास्क शोधायला गेली तर बाटली सांडून तो ओलाचिंब झालेला. मग ऑफिसातून मोठ्या माणसाचा मास्क दिला. तो डोळ्यांपर्यंत यायला लागला म्हणून शिपाईकाकांनी कानाजवळ दोन्ही दोऱ्यांना गाठी मारून दिल्या. दुपारी घरी आली तेव्हा त्या गाठी तशाच होत्या आणि कानामागे लाल वळ उठले होते.

वर्गाच्या ग्रुपवर मी फक्त विचारलं की नियम बदललाय तर शाळा सक्ती कशी करू शकते. त्यावर एका बाबांनी लिहिलं, "ज्यांना दुसऱ्यांच्या मुलांची पर्वा नाही त्यांनी आपली मुलं घरी बसवावीत." बाराच्या पुढे अंगठे आले त्या मेसेजला. मला दुसऱ्यांच्या मुलांची पर्वा नाही असं मी कुठे म्हटलं?

त्यात या वर्षी एप्रिलअखेरपर्यंत शाळा पूर्णवेळ आहे. ३९ अंशांत पत्र्याच्या वर्गात पाच तास. तुमच्याकडे काय चाललंय ते सांगा.

---

रांजणखळगा | ६ एप्रिल, रात्री ११:०५

शंभर टक्के अनुमोदन. पाडव्याच्या शोभायात्रा निघाल्या, लग्नं जोरात आहेत, लोकल खच्चून भरलीये, सभा सुरू आहेत. उरली कोण? आठ वर्षांची पोरं. ज्यांना मत नाही आणि ज्यांना तक्रार करता येत नाही त्यांच्यावरच नियम चालवायचा. शाळेकडे लेखी मागा की कोणत्या आदेशानुसार सक्ती आहे. लेखी मागितलं की निम्म्या शाळा गप्प बसतात, स्वानुभव आहे. आमच्याकडे तर शाळेचं चिन्ह छापलेला मास्क गणवेशाच्या दुकानातूनच घ्यावा लागत होता.

---

वैनगंगा | ७ एप्रिल, सकाळी ७:५०

ताई, तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. फाटकावर मुलांना असं अडवणं चूकच. पण मी त्या अंगठे देणाऱ्यांपैकी असतो. का ते सांगतो, थोडं सविस्तर.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी त्याला नेफ्रॉटिक सिंड्रोमचं निदान झालं. म्हणजे मूत्रपिंडातून प्रथिनं लघवीवाटे निघून जातात आणि अंग सुजतं. सकाळी उठला की पापण्या अशा फुगलेल्या असतात की डोळे चिरेसारखे दिसतात. उपचार म्हणजे स्टिरॉइड. ते चालू असलं की प्रतिकारशक्ती कमी. आणि आजार उलटायला बहुतेक वेळा साधी सर्दी पुरते. कोविड सोडा, शेजारच्या मुलाची शिंक पुरते.

आमच्या घरात रोज सकाळी चहाच्या आधी एक काम असतं. त्याची लघवी काचेच्या नळीत घ्यायची आणि त्यात सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचे थेंब टाकायचे. पाणी स्वच्छ राहिलं तर दिवस चांगला. दुधासारखं गढूळ झालं की वहीत तीन अधिक लिहायचे, आणि सलग तीन दिवस तसंच आलं तर डॉक्टरांना फोन. त्या वहीत पाच वर्षं आहेत. शाळा बंद होती त्या पावणेदोन वर्षांत आजार एकदाच उलटला. त्याआधीच्या वर्षी चार वेळा.

मला माहितीये, यात शाळा बंद असल्याचा वाटा मोठा आहे, सगळं श्रेय मास्कचं नाही. पण फेब्रुवारीपासून तो मास्क लावलेल्या तीस मुलांमध्ये बसतोय आणि अजून वही स्वच्छ आहे. सोमवारी तो म्हणाला, "बाबा, आज वर्गात मी आणि सानप, दोघांनीच मास्क लावला होता. सगळे विचारत होते, तुला काय झालंय?" त्याने आजपर्यंत शाळेत कुणालाच आजाराचं सांगितलेलं नाही. सगळ्यांच्या तोंडावर मास्क होता तेव्हा तो चारचौघांसारखा होता. आता तो आजारी मुलगा झालाय.

---

कोथरूडकरीण | ७ एप्रिल, सकाळी ९:२०

वैनगंगा, हे मी अजिबात विचारात घेतलं नव्हतं. खरंच. ऑफिसला निघालेय, संध्याकाळी लिहिते.

---

रांजणखळगा | ७ एप्रिल, सकाळी १०:१५

वैनगंगा, तुमच्या मुलाला लवकर बरं वाटो, मनापासून. पण एका मुलाच्या आजारासाठी तीस मुलांना बांधून ठेवायचं का, हा प्रश्न उरतोच. त्याने चांगला एन-९५ लावला तर त्याचं रक्षण होतं ना? बाकीच्यांना सक्ती कशाला?

---

बालवैद्य_कोल्हापूर | ७ एप्रिल, दुपारी ३:३०

ओपीडी संपवून लिहितोय. दोन्ही बाजूंनी काही समजुती ऐकीव आहेत, म्हणून जरा स्पष्ट करतो.

पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्कची सक्ती करू नये, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्येच सांगितलं. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या या जानेवारीतल्या सूचनाही या वयात मास्क नको असंच सांगतात. सहा ते अकरा या वयात मुलाला नीट वापरता येत असेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली लावावा. बारा वर्षांपुढे मोठ्यांसारखंच. म्हणजे दुसरीतल्या मुलीच्या बाबतीत नियमाची भाषाच मुळात "जमत असेल तर" अशी आहे. अमेरिकेत दोन वर्षांपुढच्या मुलांना सांगत होते. म्हणजे तज्ज्ञांमध्येही एकमत नाही, तेव्हा ग्रुपवर एकमेकांना मूर्ख ठरवायचं कारण नाही.

मास्कने प्राणवायू कमी पडतो, मूल आपलाच कार्बन डायऑक्साइड घेतं, हे रोज कुणीतरी विचारतं. पडत नाही. वायूचे रेणू कापडातून सहज आरपार जातात. घामोळं मात्र खरं, कानामागचे वळ खरे. आणि ओला झालेला मास्क बदललाच पाहिजे. शाळेतल्या मुलांचे मास्क मी पाहतो. सकाळी आठला कोरडा असलेला कापडी मास्क साडेनऊला लाळेने आणि घामाने ओला झालेला असतो. दहाला तो हनुवटीवर असतो. डब्याच्या सुट्टीत सगळे उतरवतात आणि एकमेकांच्या डब्यात हात घालतात. मग त्या पाच तासांच्या सक्तीतून हाती किती लागतं?

रांजणखळगा यांच्या प्रश्नाला उत्तर: नीट बसणारा एन-९५ लावणाऱ्याचं रक्षण चांगलं करतो, पण नऊ वर्षांच्या चेहऱ्यावर नीट बसणारा मिळणं कठीण, आणि तो पाच तास टिकवणं त्याहून कठीण. साधा मास्क जास्त उपयोगी पडतो तो ज्याला सर्दी आहे त्याच्या तोंडावर. त्यामुळे "तुझं तू बघ" म्हणून प्रश्न सुटत नाही.

माझ्या मते या घडीला महत्त्वाच्या गोष्टी दोन. खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवणं, आणि आजारी मूल घरी ठेवणं. दुसरी गोष्ट आपल्याकडे होतच नाही. १०० टक्के हजेरीचं प्रमाणपत्र मिळतं ना! शंभर ताप असलेलं मूल पॅरासिटामॉल देऊन शाळेत पाठवलेलं मी दर आठवड्याला पाहतो. मास्कवरून भांडणाऱ्या दोन्ही गटांतले पालक असतात त्यात.

आयसीएमआरच्या जून-जुलै २०२१ च्या रक्त-पाहणीत सहा ते नऊ वयाच्या ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वयाच्या ६१.६ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडं सापडली होती. म्हणजे शाळा बंद असतानाच निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग होऊन गेला होता, आणि त्यावर पुन्हा ओमायक्रॉनची लाट आली. निरोगी मुलांबद्दल मी आता फारसा चिंतेत नाही. वैनगंगांच्या मुलासारख्यांबद्दल आहे.

---

माळावरचे_मास्तर | ७ एप्रिल, रात्री ९:१०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, पाटण तालुक्यात. दोन शिक्षक, पट तेवीस. पहिली आणि दुसरी माझ्याकडे.

डॉक्टरसाहेबांनी आरोग्याचं सांगितलं, मी फळ्यापुढचं सांगतो. 'ण' कसा म्हणायचा हे सांगून येत नाही. मी तोंड उघडून जीभ वर वळवून टाळूला लावून दाखवतो, पोरं माझ्याकडे बघत तशी जीभ वळवतात, हसतात, आणि मग येतो. 'ळ'चंही तसंच. चहातला 'च' आणि चमच्यातला 'च' वेगळा, हे ओठ-दात बघूनच कळतं. डिसेंबरात शाळा भरली, मी मास्क लावून श्रुतलेखन घेतलं. बाण, पाणी, फळा, शाळा असे दहा शब्द. तेवीसातल्या पहिली-दुसरीच्या अकरा मुलांपैकी आठांनी 'बान' आणि 'पानी' लिहिलं. आमच्या भागात बोलतानाही तसं होतं, मान्य. पण दरवर्षी डिसेंबरपर्यंत ते सुटलेलं असतं. या वर्षी मुलांनी माझं तोंडच बघितलं नव्हतं.

शेवटी मी काय केलं तर वर्ग आवारात चिंचेखाली घेतला, मुलांपासून आठ-दहा फूट मागे उभा राहिलो, आणि मास्क उतरवून शिकवलं. नियमात बसलं का माहीत नाही. महिन्यात फरक पडला.

मास्कचं म्हणाल तर इथे एका घरात तीन भावंडं आणि मास्क दोन. सकाळी धुऊन कुंपणाच्या तारेवर वाळत घातलेले दिसायचे. वाळला नाही तर धाकटा शाळेत यायचा नाही. "गुरुजी, मास्क ओला हुता" हे न येण्याचं कारण मी हजेरीवर कसं लिहायचं? "शाळा बंद, शिक्षण सुरू" म्हणताना देवळाच्या पारावर गोळा करून शिकवलेली ही पोरं. मास्कसाठी कुणाला परत पाठवणं मला जमलं नाही. दोन डझन शिवून घेतले आणि टेबलाच्या खणात ठेवले.

---

निवृत्त_तारबाबू | ८ एप्रिल, सकाळी ६:१५

गुरुजी, तुम्हाला नमस्कार.

मी आजोबांच्या बाजूने लिहितो. गेल्या वर्षी याच एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ गेला. नाशिकला. बेड मिळाला तेव्हा उशीर झाला होता. त्यांच्या घरात पहिला ताप आला तो नातवाला. एक दिवस कणकण आणि दुसऱ्या दिवशी खेळायला लागला. सात दिवसांनी आजोबा दवाखान्यात. तो मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. कुणी त्याला काही म्हटलेलं नाही, घरात सक्त ताकीद आहे. तरी त्याला कळायचं ते कळलंय. अजून घरातसुद्धा मास्क काढायला तयार नसतो, झोपताना उशीखाली ठेवतो.

मी सक्ती करा असं म्हणत नाही. पण "फक्त मुलं आहेत, त्यांना काही होत नाही" हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोलू नये.

---

कोथरूडकरीण | ८ एप्रिल, रात्री ११:३०

काका, काय लिहावं कळत नाही.

माझी आई आमच्याकडेच असते, मधुमेह आहे. बूस्टर घेतलाय तिने. म्हणजे मीही हा विचार केलेला आहे आणि तरी मला मुलीच्या तोंडावरचा मास्क जायला हवाय. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

---

एडिसनकर | ९ एप्रिल, सकाळी ८:००

न्यू जर्सीतून लिहितोय. आमच्याकडे ७ मार्चला राज्याची शाळांमधली मास्कसक्ती उठली. त्याआधी शाळा-मंडळाच्या बैठकांमध्ये पालक अक्षरशः ओरडत होते, दोन्हीकडचे. एका बैठकीत पोलीस बोलवावे लागले. इथे पाच ते अकरा वयाला नोव्हेंबरपासून लस आहे, तुमच्याकडे बारांखाली अजून नाही, तेव्हा तुलना सरळ होत नाही हे आधीच सांगतो.

सक्ती उठली त्या दिवशी माझ्या मुलीच्या वर्गात निम्म्यांनी मास्क ठेवला, त्यात आपल्या देशी मुलांचं प्रमाण जास्त. बाईंनी पहिल्याच तासाला एक वाक्य सांगितलं: कुणी मास्क का लावला किंवा का काढला हे या वर्गात विचारायचं नाही. बस्स. आठवड्याभरात विषय संपला. वैनगंगांच्या मुलाला "तुला काय झालंय" विचारलं ते वाचून हे आठवलं.

---

कृष्णाकाठ | ९ एप्रिल, दुपारी १:४५

माझ्या मुलाला ऐकू कमी येतं, कॉक्लिअर इम्प्लांट आहे. साध्या शाळेत पाचवीत आहे. यंत्राने आवाज येतो पण अर्धं तो ओठांवरूनच वाचतो. ही दोन वर्षं ऑनलाइनमध्ये बाईंचा चेहरा पूर्ण स्क्रीनवर दिसायचा, त्याचे मार्क वाढले. वर्ग भरले आणि कोसळले. पारदर्शक मास्क आणून दिले, दहा मिनिटांत आतून वाफ धरते. सध्या गणिताचे सर त्याच्यासाठी मास्क काढून शिकवतात, बाकीचे नाही. आता एकाच वर्गात वैनगंगांचा मुलगा आणि माझा मुलगा असते तर? मी त्यांना काय सांगितलं असतं, खरंच मला माहीत नाही.

---

वैनगंगा | ९ एप्रिल, रात्री १०:००

कृष्णाकाठ ताई, तुमच्या मुलाला सरांच्या समोर पहिल्या बाकावर बसवू आणि माझ्याला खिडकीपाशी. सरांनी मास्क काढून शिकवावं. सरांनी लस घेतलीये आणि ते सहा फुटांवर उभे असतात. माझं भांडण त्यांच्याशी नाहीच.

---

रांजणखळगा | २१ एप्रिल, सकाळी ९:४०

धागा वर आणतोय. नोएडा-गाझियाबादच्या शाळांमध्ये मुलं पॉझिटिव्ह सापडली आणि दिल्लीत मास्क नसेल तर पुन्हा ५०० रुपये दंड लावायचं काल ठरलं. आमच्या ग्रुपवर लगेच "बघा, आम्ही सांगत होतो" सुरू झालंय. माझा विरोध कायम आहे. पण दिल्लीने शाळा बंद केल्या नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मास्क की शाळा बंद असं कुणी विचारलं तर मी स्वतः मुलाला मास्क लावून सोडायला जाईन.

---

बालवैद्य_कोल्हापूर | २१ एप्रिल, दुपारी ४:१०

हे शेवटचं वाक्य सगळ्या ग्रुपांवर पाठवा.

---

कोथरूडकरीण | २७ एप्रिल, रात्री ९:५५

काल सहा ते बारा वयासाठी कोव्हॅक्सिनला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, त्यामुळे ग्रुपवर वेगळीच गडबड आहे. पण मला शाळेचं सांगायचंय.

शनिवारी पालकसभा झाली. तासभर तेच तेच. मग मी उठून वैनगंगांची गोष्ट सांगितली, नाव-गाव न घेता. त्या नळीची आणि वहीची. सभा शांत झाली. मुख्याध्यापिकांनी ठरवलं ते असं: चौथीपर्यंत मास्क ज्याच्या त्याच्या इच्छेवर, फाटकावर कुणाला अडवायचं नाही, सर्दी-खोकला असेल तर तीन दिवस घरी आणि ती रजा हजेरीच्या बक्षिसात धरायची नाही. पत्र्याच्या वर्गाच्या मागच्या दोन खिडक्या वर्षानुवर्षं खिळे ठोकून बंद होत्या. त्या आज उघडल्या.

सभेनंतर जिन्यात ते ग्रुपवरचे बाबा भेटले. त्यांच्या बायकोचं केमो चालू आहे. त्यांनीही ग्रुपवर कधी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं. त्यांचा मुलगा माझ्या मुलीच्या मागच्या बाकावर बसतो.

मुलीला मी एवढंच सांगितलं की शिंक आली किंवा नाक गळत असेल तर मास्क, एरवी तुझं तू ठरव. काल तिने मास्क काढला. आज परत लावून गेली. का ते मी विचारलं नाही.

---

माळावरचे_मास्तर | २७ एप्रिल, रात्री १०:२०

खिडक्यांचं वाचून बरं वाटलं ताई. वळवाच्या पावसाआधी वर छज्जा करून घ्यायला सांगा, नाहीतर पहिल्या सरीला परत खिळे ठोकतील.

---

वैनगंगा | २८ एप्रिल, सकाळी ६:४०

आमच्याकडे शाळा आता सकाळची आहे, सातला बस येते. काल संध्याकाळी मुलाने स्वतःहून सानपला सांगितलं की त्याला किडनीचं आहे. सानप म्हणाला, "मला वाटलं तुला दातांना तार लावलीये म्हणून तू लपवतोस." तो स्वतः का लावतो, तर त्याच्या दातांना तार आहे.

आजची नळी स्वच्छ. वहीत शून्य लिहिलंय.